पाणी कधी गेलं

गणू मुंबई कायमची सोडून कुडपणला परतला आणि जुनी जीप घेऊन पोलादपूरच्या खेपा मारू लागला, त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. तळीयेची दरड होऊन तोवर काही पावसाळे उलटले होते. तरी भाद्रपदात मोठी सर आली की हातातलं काम थांबवून डोंगराकडे बघायची सवय अजून कोणाची मोडली नव्हती.

त्या वर्षी गौर पूर्वा नक्षत्रात आली होती. नव्या सुनेचा पहिला ओवसा गौर पूर्वात असली तरच भरतात, नाहीतर सून वाट बघत राहते. फळं, काकड्या, नारळ भरलेली सुपं गौरीपुढं ओवाळायची, मग घरातल्या वडीलधाऱ्यांना वाण द्यायचं आणि पाया पडायचं. एवढं झालं की सून भावकीत मिळाली असं धरतात. ललिताच्या राहुलची बायको श्रुतिका अजून मिळाली नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐन गणपतीत ललिताच्या दिराची, गणूची सून बाळंत झाली आणि साऱ्या भावकीला जन्माचं सोयर आलं. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर ललिताची म्हातारी सासू गेली, म्हणून सुतक. दोन्ही वर्षं भावकीच्या गणपतीला भावकीचा हात लागला नाही. परक्या माणसाकडून पूजा करून देव दीड दिवसात बोळवला, आणि मुंबईहून आलेली माणसं तोंड वाकडं करून माघारी गेली.

"सोयर काय, सुतक काय, सगळं ह्यांच्याच उंबऱ्यातनं येतं," असं विहिरीवर कोणीतरी म्हणालं होतं. ते ललिताच्या कानावर आलं होतं, आणि आल्यापासून गेलं नव्हतं.

म्हणून गौरीपूजनाच्या दुपारी श्रुतिका मागच्या पडवीत येऊन हळूच म्हणाली, "आई, मला जरा ओलं झाल्यासारखं वाटतंय," तेव्हा ललिताने हातातली अळूची पानं खाली ठेवली नाहीत.

"ओलं म्हंजे कसं?"

"म्हणजे पाण्यासारखं. उठले आणि एकदम पायावरनं गेलं."

"कळ येते?"

"नाही. कंबर जड आहे, पण ती रोजचीच."

ललिताची तीन बाळंतपणं झाली होती. पाण्यासारखं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. गौरी-गणपती बोळवले की विहीणबाई येऊन लेकीला पोलादपूरला, माहेरी नेणार होत्या. सगळं नीट ठरलेलं होतं. पुढच्या घरात राहीबाईकाकींकडे सुपं मांडून झाली होती. मुंबईकर बायका आरशापुढं गर्दी करून नथी घालत होत्या. आता गाडी काढली असती तर ओवसा राहिला असता; आणि उद्या देव बोळवायच्या आत मूल झालं असतं तर तिसऱ्या वर्षीही देव परक्याच्या हाती गेला असता.

"काय नाय गो," ती म्हणाली. "शेवटाला असं होतं कधीकधी. मूल खाली दाबतं, मग होतं. जा, लुगडं बदल. ती जांभळी साडी नेस, जाड हाय. आणि आतनं जुन्या सुती पातळाची घडी घे."

"राहुलला सांगू?"

"त्याला काय कळतंय त्यातलं? तो तिकडं ढोलकी बडवतोय. बडवू दे."

श्रुतिका हसली. तिचा विश्वास बसला होता. ललिताला पुढं अनेक दिवस आठवत राहिलं ते हेच, की पोरगी हसली आणि साडी बदलायला गेली.

ओवसा चांगला झाला. राहीबाईकाकी भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या, ललिताच्या चुलत सासू. पाठ वाकलेली, पण आवाज सगळ्या आवाडात, साऱ्या वस्तीत पोचणारा. त्यांनी श्रुतिकेला पाटावर बसवलं, सूप तिच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला उभ्या राहून एकेक सांगत गेल्या. श्रुतिकेने वाण दिलं, पाया पडली. ती उठता उठता काकी एकदम बायकांवर ओरडल्या, "चला गो चला, बाहेर व्हा! गौरीला वारा तरी लागू दे. अंगणात फेर धरा, हितं काय गर्दी केलीत?" बायका हसत, एकमेकींना ढकलत बाहेर गेल्या. ललिताला बरं वाटलं. सुनेला हाताला धरून तिने मागच्या दाराने घरी नेलं आणि आडवं केलं.

कळा पहाटे लागल्या.

गणूने जीप काढली. "वहिनी, टेन्शन नको घेऊस. मुंबईत मी ट्राफिकमधनं पेशंट काढलेत, ह्यो घाट काय चीज हाय," असं म्हणत त्याने धुक्यातून गाडी इतकी हळू नेली की राहुल मागून ओरडला, "काका, चालत गेलो असतो तर पोचलो असतो!" श्रुतिका कळा येत असताना हसली, मग रडली. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा उजाडलं होतं.

आत नेता नेता नर्सने विचारलं, "पाणी कधी गेलं?"

"आत्ता पहाटे," ललिता म्हणाली. "कळा लागल्या तेव्हाच."

श्रुतिका कळ सोसत होती. आणि काल गेलं ते काही नव्हतं, असं तिला सासूनेच सांगितलं होतं.

सकाळी मुलगी झाली. रडली, नर्सच्या हातावर लघवी केली, आणि राहुल बाप झाला.

नीलाबाई, श्रुतिकेची आई, बाजारपेठेतून चालतच आल्या. हातात चहाचा थर्मास, पिशवीत धुतलेली दुपटी. आल्या आल्या त्यांनी विहिणीला मिठी मारली. "मी तुमच्याकडे यायची तयारी करत होते, आणि ही बाई स्वतःच आली की हो चालून! आजोळी बाळंतपण म्हणजे आजोळीच, बघा. हिला कळतं सगळं."

"तुमच्यावरच गेली हाय," ललिता म्हणाली. "घाई."

"माझ्यावर गेली तर बरंच. तुमच्यावर गेली असती तर चार दिवस विचार करत बसली असती, बाहेर यावं की न यावं."

दोघी हसल्या. इतकी जवळीक त्यांच्यात लग्नाच्या मांडवातही नव्हती झाली.

थोड्या वेळाने सहदेवचा, ललिताच्या नवऱ्याचा, कुडपणहून फोन आला. सोयर लागलं होतं. दुसऱ्या भावकीतला धोंडू आता आरती करून देव पाण्यापर्यंत नेणार होता.

"काकी काय म्हणाल्या?" ललिताने विचारलं.

"काय नाय. म्हणाल्या, पोर आणि बाळंतीण सुखरूप हायत ना, मग झालं. आणि पेढे आण म्हणाल्या, दूधपेढे, ते पिवळे नकोत."

फोन ठेवून ललिता बाकावर बसली. काल दुपारपासून जे तिने छातीवर धरून ठेवलं होतं, ते पेढ्यांच्या रंगावर येऊन संपलं होतं. तिला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

दुपार झाली. सकाळी दोनदा अंगावर घेतलेली मुलगी आता ओढेना. श्रुतिका तिच्या गालाला बोट लावी, तळवे चोळी, दुपट्याची घडी उघडी. मुलगी ओठ जरा हलवी आणि सोडून देई.

"झोपाळू आहे," नीलाबाई म्हणाल्या. "गुणी गं माझी बाय ती. रडत नाही, त्रास देत नाही. श्रुतिका अशी नव्हती. हिने सगळी आळी जागवली होती."

"पहिल्या दिवशी बाळं झोपतात," नर्सही म्हणाली. "थोड्या थोड्या वेळाने लावत राहा. मी येते बघायला."

तेही खरंच होतं. ललिताची थोरली पोरगी पहिला दिवसभर झोपली होती. तिने नातीचा तळपाय हातात घेतला. गार होता. दुसरा घेतला, तोही गार. अंग दुपट्यात गरम आणि पाय गार. पंखा चालू असेल, असं म्हणून तिने वर बघितलं; पंखा बंद होता. मुलीचा श्वास दुपट्यावरून दिसत होता, भरभर, मांजराच्या पिलासारखा. आणि श्वास सोडताना मध्येच बारीक कण्हल्यासारखा आवाज येई. तो सगळ्यांना ऐकू येत होता. "बोलतेय बघा," असं नीलाबाई म्हणाल्या.

नर्सने जे सांगितलं ते पहाटे पाणी गेलेल्या बाईच्या मुलाबद्दल सांगितलं होतं. काल दुपारी पाणी गेलेल्या बाईच्या मुलाबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. ते विचारता येईल असं माणूस त्या खोलीत एकच होतं.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर मॅडम आल्या. तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले. राहुल भिंतीला टेकून उभा होता, गणू दारात, नीलाबाई लेकीच्या उशाशी. मॅडमनी कागद बघितला, मुलीकडे बघितलं, श्रुतिकेला विचारलं, "पिते का?"

"सकाळी प्यायली. आता झोपतेय."

"हं. उठवून पाजा. पाणी पहाटेच गेलं होतं ना? ताप वगैरे नव्हता तुम्हाला?"

"नव्हता," श्रुतिका म्हणाली.

मॅडम पुढच्या खाटेकडे वळल्या.

ललिता उठून उभी राहिली. बोललं तर काय काय जाईल हे तिला उभी राहतानाच दिसलं. भिंतीला टेकलेला मुलगा दिसला, सकाळी मिठी मारलेली विहीण दिसली, आणि सगळ्यांत जवळ, खाटेवर, तिला आई म्हणणारी पोरगी दिसली.

"मॅडम," ती म्हणाली, "पाणी पहाटे नाय गेलं. काल दुपारी गेलं."

मॅडम वळल्या. "काल? नक्की?"

"नक्की. जेवणं व्हायच्या आधी. तिनं मला सांगितलं. मी म्हटलं काय नाय."

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा मान वर करून बघू लागली.

"आई?" श्रुतिका म्हणाली. एवढंच.

मॅडमनी तोवर दुपटं उघडलं होतं. त्यांनी मुलीच्या छातीवर हात ठेवून घड्याळ बघितलं, पाय बघितले, पोटाची कातडी दाबून रंग परत यायची वाट बघितली. कान जवळ नेऊन ते कण्हणं ऐकलं. मग त्यांचं बोलणं एकदम आखूड झालं. "सिस्टर, थर्मामीटर. साखर बघा. महाडला फोन लावा, लहान मुलांच्या डॉक्टरांना. ॲम्ब्युलन्स बोलवा." आणि राहुलला म्हणाल्या, "बाळाला इन्फेक्शन असण्याची शक्यता आहे. पहिलं इंजेक्शन मी इथंच देते, मग लगेच निघा. थांबू नका."

"पण ती तर नुसती झोपलीय," नीलाबाई म्हणाल्या.

"एवढी लहान बाळं आजारी पडली की झोपतातच हो. रडायला ताकद लागते."

ॲम्ब्युलन्समध्ये राहुल बसला आणि नीलाबाई. श्रुतिकेला रात्रीपुरतं पोलादपुरातच ठेवलं. ललिता गणूच्या जीपमधून मागोमाग निघाली. महामार्गावर गणूने जीप ॲम्ब्युलन्सच्या दिव्यामागे धरून ठेवली.

शेवटी म्हणाला, "वहिनी, मला सांगितलं असतंस तर मी गाडी काढली असती. ओवसा गेला असता चुलीत."

"तुज्याच सुनेच्या सोयरानं बोल लागला व्हता मला."

"तो तर मलाबी लागला व्हता. मी ऐकलाच नाय."

महाडच्या लहान मुलांच्या दवाखान्यात मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकाला नळी, हाताला सुई. हात तो केवढा, सुईची पट्टीच हाताहून मोठी. बाहेर बाकावर राहुल आणि नीलाबाई एका टोकाला बसले, ललिता दुसऱ्या. देव बोळवल्यावर सहदेव आला तो मधे उभा राहिला. मग विचार करून बायकोच्या बाजूला बसला, पण तोंड भिंतीकडे ठेवून.

"मला का नाय सांगितलंस?" तो हळू म्हणाला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

सहदेवने पाय हलवला, चपलेचा पट्टा नीट केला.

डॉक्टर बाहेर आले. पिकल्या मिशांचे, सावकाश बोलणारे होते. सगळ्यांना जवळ बोलावून, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. "पिशवी फुटली की दार उघडतं. जंतूंना आईकडून वर चढायला वाट मिळते. जितका वेळ जाईल तितके ते जास्त चढतात. मूल जन्मतं ते चांगलं दिसतं, पण रक्तात जंतू घेऊन येतं. मग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसायला लागतं. दूध ओढत नाही, गार पडतं, श्वास वाढतो. औषध सुरू आहे. दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

"डॉक्टर," राहुल म्हणाला, "काल दुपारीच आणलं असतं तर?"

ललिताने मान वर केली नाही.

"तर आईलाच आधी औषध देता आलं असतं, आणि बाळावर पहिल्या तासापासून नजर राहिली असती. पण तर काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही. आज संध्याकाळी तुम्ही खरं सांगितलंत, त्याचा उपयोग झाला. उद्या सकाळी आला असतात तर मी वेगळ्या आवाजात बोललो असतो."

"आम्ही नाही सांगितलं," नीलाबाई म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं. आणि त्यांनीच लपवलं होतं."

नीलाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर ललिताला सोपं गेलं असतं. त्यांनी पुढं एवढंच ठरवून टाकलं, की लेक आता पोलादपूरला राहील आणि बाळ बरं झालं की तेही. राहुलने मान हलवली. त्या मान हलवण्यात मुलगा विहिणीच्या बाजूला गेला, आणि ललिताने ते बघितलं.

दुसरा दिवस वाईट गेला. नळीतून दूध देऊन बघितलं, ते पोटात थांबेना. दवाखान्यात आत जाऊन बाळाला बघायची मुभा आईबापाला होती. श्रुतिका आली, आत गेली, बाहेर आली. ललिताच्या समोरून दोनदा गेली. तिसऱ्यांदा थांबली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो गो."

"मला माहीत नव्हतं म्हणून विचारलं होतं ना, आई."

ललिताला तिच्या पाया पडावंसं वाटलं. सासूने सुनेच्या पाया पडायचं नसतं. पडली असती तर पोरीवरच आणखी भार झाला असता. म्हणून ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय. तू विचारलं व्हतंस." श्रुतिका आत गेली. तेव्हापासून महाडला डबा पोचवायचं काम ललिताने घेतलं. डबा ती दारावरच्या बाईकडे देई. नीलाबाई तो घेत, धुऊन परत पाठवत. बोलणं तेवढंच.

तिसऱ्या दिवशी कण्हणं थांबलं. चौथ्या दिवशी मुलीने नळी ओढून काढली, आणि नर्स रागावली तरी डॉक्टर खूश झाले.

त्याच दिवशी राहीबाईकाकी आल्या. गणूच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, मांडीवर भोपळा घेऊन. घाटातलं वळण त्यांना सोसत नसे. रंग उतरला होता. राहुलच्या डोक्यावरून हात फिरवला, नीलाबाईंना भोपळा दिला, "आमच्या परड्यातला हाय, फवारा नाय मारलेला." मग म्हणाल्या, "ललिते, मला जरा हवेवर ने. गरगरतंय."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या. समोर रिक्षा उभ्या होत्या, ऊन होतं, महामार्गावरून ट्रक जात होते. काकींनी पदराने तोंड पुसलं.

"पोर वाचंल?"

"वाचंल म्हणतात."

"हं." काकींनी एक ट्रक जाऊ दिला. "पाट ओला व्हता गो."

ललिताला आधी कळलंच नाही.

"ओवशाच्या वक्ताला. पोर उठली, पाट ओला. मी बायकांना बाहेर काडलं आणि पाट पदरानं पुसला."

ऊन डोळ्यांवर येत होतं. ललिताने हात आडवा धरला. "म्हंजे तुमाला ठावं व्हतं."

"आठ पोरं झाली मला. त्यातली चार हायत. मला ठावं नसंल?"

"मग बोलला का नाय काकी?"

"तू का नाय बोललीस?"

"मी तुमाला भिऊन नाय बोलले."

"आणि मी म्हटलं, हिची सून हाय, ही सासू हाय, हिनं काय ते ठरवलं असंल. मी मधी कशाला तोंड घालू? आणि खरं सांगू? देव ह्या वर्षी तरी आपल्या हातानं बोळवावा, असं मलाबी वाटत व्हतं." त्या रिक्षांकडे बघत बोलत होत्या. "दोन वर्षं मीच घसा फाडून ओरडत व्हते ना, यंदा कायबी खंड नको म्हणून. मग काय तोंडानं बोलणार?"

ललिताला वाटलं आपल्याला राग येईल. आत बघितलं तर राग नव्हता. हलकंही वाटलं नाही. नुसतं असं वाटलं की त्या दिवशी पडवीत आपण एकटी नव्हतो, आणि ते कळायला फार उशीर झाला.

"हे भावकीत नको सांगूस," काकी म्हणाल्या. आवाज एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला होता. "पोरं मला मानतात. आता किती दिस राह्यलेत माझे? एवडं राहू दे."

ललिताने त्यांचा घसरलेला पदर खांद्यावर सारखा केला. काकींना ते पुरलं. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या, आणि आत जाऊन नीलाबाईंना भोपळ्याचं भरीत कसं करायचं ते सांगू लागल्या.

मुलगी सुटली तेव्हा भाद्रपद सरला होता. निघताना डॉक्टरांनी सगळ्यांना पुन्हा उभं केलं. "हा गेला तो जंतुसंसर्ग आतून आलेला. आता दुसरा असतो, उशिरा येणारा. तो पहिल्या आठवड्यानंतर, महिनाभरात कधीही येतो, आणि तो बाहेरून येतो. तुमच्या हातांतून, कापडातून, पाण्यातून. मुंबईहून दहा माणसं येतील, दहा जण गालगुच्चे घेतील. नको. नाळेला काही लावू नका, घुटी नको, मध नको. आईचं दूध, आणि साबणाने धुतलेले हात. बाळ ओढेना, गार वाटलं, नुसतं झोपून राहिलं, तर गुणी आहे म्हणू नका. घेऊन या." शेवटचं वाक्य ऐकताना नीलाबाईंनी मान खाली घातली.

बारसं दिवाळीनंतर पोलादपूरला केलं. नाव प्रियदर्शिनी ठेवलं. हाक मारताना ते कोणालाच पेलेना, म्हणून पिऊ झालं. कुडपणहून मोजकीच माणसं गेली. ललिता दारापाशी बसली, वाढण्यावाटण्यात हात घातला नाही. पाळणा म्हणून झाला. बायका उठल्या. नीलाबाई मुलीला घेऊन तिच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"हात धुतलेत?"

"धुतलेत."

"साबणाने?"

"दोनदा."

"मग घ्या. माझे खांदे भरून आलेत. तुमच्याकडची हाडं आहेत, जड."

ललिताने नात घेतली. पोरगी जागी होती, पाय झाडत होती. तळपाय गरम होते. तिने एक धरला, दुसरा धरला, मग पुन्हा पहिला. श्रुतिका कोपऱ्यातून बघत होती. उठून आली नाही, पण "आई, डोक्याखाली हात धरा," असं म्हणाली, आणि ते आई म्हणणं पूर्वीच्या आवाजाच्या जवळपास पोचलं होतं.

राहुल शेजारी येऊन बसला. त्या दिवसापासून तो आईशी कामापुरतंच बोलत असे. लेकीच्या पायावर बोट फिरवत म्हणाला, "एक सांगू? राग नाही आता. पण तू राहीआजीला तरी विचारायचं होतंस. तिने पाठवलं असतं लगेच. ती तशी नाही."

पलीकडे पाटावर बसून राहीबाईकाकी पेढा खात होत्या. त्यांनी ऐकलं असावं. खाणं थांबलं.

ललिताने नातीच्या डोक्याखालचा हात नीट केला.

"व्हय रे," ती म्हणाली. "विचारायला हवं व्हतं."

बायकोपाशी पोलादपूरला राहिलेला राहुल त्यानंतर दर महिन्याला कुडपणच्या घरी येऊ लागला. पुढल्या वैशाखात श्रुतिका मुलीला घेऊन कुडपणला राहायला आली. पाट कोणी पुसला हे ललिताने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

राहीबाई त्याच वर्षी ज्येष्ठात, पेरण्या चालू असताना, एका मंगळवारी सकाळी कुडपणच्या घरी वारल्या.